ढिगाऱ्यावरचे उद्यान
(वरच्या प्राथमिक इयत्तांसाठी इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांचा समन्वित पाठ)

नागरिकशास्त्राच्या तासाला “सार्वजनिक मालमत्ता म्हणजे काय?” असा प्रश्न विचारला, म्हणजे वर्गातून बहुधा एकच ठरावीक उत्तर येते : “जी सरकारची असते ती.” तोच प्रश्न थोडा पुढे नेऊन “मग गावच्या तळ्याचा काठ कोणाचा?” असे विचारले, तर बरीच मुले गप्प राहतात आणि एखादा धीट मुलगा सांगून टाकतो, “कोणाचाच नाही, गुरुजी.” हे उत्तर चुकीचे आहे, परंतु ते खोटे नाही. मुलाने जे डोळ्यांनी पाहिले, तेच तो सांगत असतो. ज्या काठावर उकिरडा साठतो, ज्यावर ज्याला वाटेल तो कुंपण घालतो आणि ज्याची डागडुजी कोणीच करीत नाही, तो काठ त्याच्या लेखी कोणाचाच नसतो.

सार्वजनिक या शब्दाचा अर्थ व्याख्येने कळत नाही. तो उदाहरणानेच कळतो. उदाहरण दूरचे असले तरी चालते, किंबहुना कधी कधी दूरचे असलेलेच बरे. कारण त्यात गावातील कोणाचे नाव येत नाही आणि मुले मोकळ्या मनाने विचार करतात. जपानमधील योकोहामा शहराच्या समुद्रकाठी असलेल्या यामाशिता उद्यानाचा इतिहास असे उदाहरण म्हणून फार उपयोगी पडण्यासारखा आहे. भूकंपात पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यावर हे उद्यान उभे राहिले, ते लोकांच्या हातून दोनदा गेले, आणि दोन्ही वेळा लोकांनी ते परत मिळविले.

पाठाचे हेतू

१. भूकंपाचे परिणाम केवळ जमिनीच्या हादऱ्यावर नव्हे, तर घरांच्या बांधणीवर, आगीवर व मोकळ्या जागांवरही अवलंबून असतात, हे मुलांच्या लक्षात आणून देणे.
२. समुद्रात भर घालून जमीन कशी तयार करतात, याची प्रत्यक्ष प्रयोगाने कल्पना देणे.
३. सार्वजनिक जागा एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली असे नसून, प्रत्येक पिढीने ती राखावी लागते, हा विचार मुलांच्या मनावर बिंबविणे.

पूर्वतयारी

आशियाचा नकाशा, एक मोठी परात, चाळलेली माती, विटांचे व खापरांचे तुकडे, पाण्याची बादली, पन्नास मीटर सुतळी, आणि शक्य झाल्यास गावनकाशाची नक्कल. पाठास दोन तासिका व एक परिसरभेट पुरेशी आहे.

प्रस्तावना

मुलांच्या अनुभवापासून आरंभ करावा. पुढील प्रश्न उपयोगी पडतील : आपल्या गावात पाणी कोठे साठते? तेथे कोण कोण जाते व कशासाठी? जुने घर पाडले म्हणजे निघालेली माती, दगड, विटा लोक कोठे टाकतात? तेथे पुढे काय होते?

शेवटच्या प्रश्नाची उत्तरे फळ्याच्या एका बाजूस लिहून ठेवावीत. बहुधा “ओढ्यात”, “नदीच्या काठी”, “रस्त्याच्या कडेला” अशी उत्तरे येतील. त्यानंतर हेतुकथन करावे : “एक शहर एका दिवसात पडले. त्या शहराने आपल्या पडलेल्या घरांचा ढिगारा कोठे टाकला आणि त्याचे पुढे काय झाले, ते आज आपण पाहू.”

विषय-निरूपण

(१) किनारा आणि बंदर

नकाशावर प्रथम मुंबई दाखवावी आणि बोट पूर्वेकडे सरकवीत श्रीलंका, सिंगापूर, हाँगकाँग या मार्गाने जपानपर्यंत न्यावे. टोकियोच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरांवर, टोकियोच्याच उपसागरावर योकोहामा शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे मासेमारी करणारे एक लहानसे गाव होते. परकीयांस दारे बंद ठेवण्याचे धोरण सोडून जपानने १८५४ मध्ये अमेरिकेशी याच ठिकाणी तह केला, आणि १८५९ मध्ये योकोहामाचे बंदर परदेशी व्यापारास खुले झाले. तेथून रेशीम जगभर जाऊ लागले. समुद्रालगतच्या रस्त्यावर परदेशी व्यापाऱ्यांच्या पेढ्या व हॉटेले यांची रांग उभी राहिली. या व्यापाऱ्यांत भारतीयही होते. त्यांतील पुष्कळसे सिंध प्रांतातून आलेले रेशमाचे व्यापारी होते.

मुंबईशी या बंदराचा संबंध मुलांस अवश्य सांगावा. स्वामी विवेकानंद शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस निघाले ते ३१ मे १८९३ रोजी मुंबई बंदरातून. आणि प्रशांत महासागर ओलांडण्यासाठी त्यांनी १४ जुलै १८९३ रोजी पुढची बोट धरली ती योकोहामाच्या बंदरात. त्याच वर्षी जमशेटजी टाटा यांच्या खटपटीने ‘निप्पॉन युसेन’ या जपानी आगबोट कंपनीने मुंबईशी नियमित वाहतूक सुरू केली आणि आपल्याकडचा कापूस जपानच्या गिरण्यांस जाऊ लागला. या कंपनीचे नाव मुलांनी लक्षात ठेवावे. पाठाच्या अखेरीस ते पुन्हा येणार आहे.

(२) आगीने शिकविलेला पहिला धडा

१८६६ मध्ये योकोहामास मोठी आग लागली आणि शहराचा बराच भाग भस्मसात झाला. दाटीने बांधलेल्या लाकडी घरांतून आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सहज गेली होती. म्हणून नव्याने आखणी करताना जपानी वस्ती व परदेशी वस्ती यांच्या मध्ये एक रुंद रस्ता आणि एक उद्यान ठेवण्यात आले. हे उद्यान १८७६ मध्ये खुले झाले. ते परदेशी व जपानी या दोघांसाठीही असल्यामुळे लोक त्यास ‘त्यांचे आणि आमचे उद्यान’ अशा अर्थाच्या नावाने ओळखीत. पुढे त्यास योकोहामा उद्यान असे नाव मिळाले.

येथे क्षणभर थांबून मुलांस विचारावे : आगीचा आणि उद्यानाचा संबंध काय? मोकळ्या जागेमुळे आग पुढे जाण्यास अडते आणि लोकांस आश्रय मिळतो, हे उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे. या उत्तराची सत्यता सत्तेचाळीस वर्षांनी पटावयाची होती.

(३) १ सप्टेंबर १९२३

त्या दिवशी शनिवार होता. दुपारचे बारा वाजावयास दोन मिनिटे कमी होती. घरोघरी चुली व शेगड्या पेटलेल्या होत्या. अशा वेळी कांतो प्रदेशात ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे मूळ सागामी उपसागराच्या बाजूस असल्यामुळे योकोहामास टोकियोपेक्षाही अधिक जोराचा हादरा बसला. किनाऱ्यावरच्या विटांच्या इमारती कोसळल्या. लाकडी घरे पडून चुलींतील विस्तवाने पेट घेतला. त्या दिवशी वारा जोराचा होता. नळ फुटल्यामुळे आग विझविण्यास पाणी मिळेना. जपानमधील पहिली आधुनिक नळयोजना १८८७ मध्ये याच शहरात झाली होती. परंतु जमीनच फाटल्यावर नळ तरी काय करणार? या भूकंपात एकंदर सुमारे १,०५,००० माणसे मरण पावली वा बेपत्ता झाली. त्यांपैकी सुमारे २६,००० एकट्या योकोहामातील होती.

किनाऱ्याकडे धावलेल्या लोकांची अवस्था मुलांस नीट समजावून द्यावी. पाठीमागे आग आणि पुढे समुद्र, असे ते सापडले. बंदरात ‘एम्प्रेस ऑफ ऑस्ट्रेलिया’ नावाची मोठी आगबोट होती. तिने व इतर बोटींनी हजारो लोकांस वाचविले. शहराच्या मधोमध असलेल्या योकोहामा उद्यानातही हजारो लोक गोळा झाले होते. तेथील फुटलेल्या नळांचे पाणी जमिनीवर साचून चिखल झाला होता. झाडांनी व मोकळ्या जागेने आगीची धग अडविली, ओल्या जमिनीने उरलेले काम केले, आणि चोहोकडे शहर जळत असता उद्यानातील बहुसंख्य लोक जिवंत राहिले. १८६६ च्या आगीनंतर ज्यांनी ही जागा मोकळी ठेवली होती, त्यांतील बहुतेक या वेळी हयातही नसतील. त्यांच्या दूरदृष्टीचे फळ त्यांच्या नातवंडांस मिळाले.

केवळ मोकळी जागा असली म्हणजे पुरते असे मात्र नाही. टोकियोमध्ये लष्करी कपड्यांच्या कारखान्याची एक ओसाड जागा होती. लोक आपले बिछाने, पेट्या, गाडे घेऊन तेथे दाटीने जमले. त्या सामानानेच पेट घेतला, आगीचा भोवरा उठला आणि सुमारे ३८,००० माणसे एका जागी मृत्युमुखी पडली. जीव वाचवावयाचा असेल तर सामानाचा मोह सोडावा, हा धडा मुलांस याच ठिकाणी द्यावा.

(४) ढिगाऱ्याचे काय करावे?

आग विझल्यावर शहरात राहिले ते विटा, कौले, दगड व राख यांचे डोंगर. ते हलविल्याशिवाय रस्ते होईनात आणि रस्त्यांवाचून घरे होईनात. पुष्कळसा ढिगारा समुद्राच्या काठी नेऊन टाकण्यात आला. १९२५ पासून या जागी पद्धतशीर भर घालण्याचे काम चालले.

बंदरालगतची नवी जमीन म्हणजे सोन्याच्या मोलाची जमीन. तेथे गोद्या व वखारी बांधता आल्या असत्या, किंवा भूखंड पाडून व्यापाऱ्यांस विकता आले असते. शहराची तिजोरी रिकामी होती, हेही खरे. तथापि पुनर्रचनेच्या आराखड्यात ही जागा उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आली. अभियंते माकी हिकोशिची यांचा शहराच्या पुनर्रचनेच्या योजनेत वाटा होता. शहरातील नागरिकांच्या पुनर्रचना मंडळाचे अध्यक्षपद हारा तोमितारो या रेशमाच्या व्यापाऱ्याकडे होते. या गृहस्थांनी आपली सांकेई-एन ही विस्तीर्ण खासगी बाग १९०६ मध्येच लोकांस खुली केली होती. १९१६ मध्ये जपानला गेलेले रवींद्रनाथ ठाकूर तेथे पाहुणे म्हणून राहिले होते. बाग ही श्रीमंताच्या भिंतीआड राहण्याची वस्तू नव्हे, ही भावना शहरात आधीपासून होती, हे यावरून दिसते.

१५ मार्च १९३० रोजी यामाशिता उद्यान लोकांस खुले झाले. जपानमधील समुद्रकाठचे अशा तऱ्हेचे पहिले उद्यान म्हणून ते ओळखले जाते. त्याची लांबी सुमारे ७०० मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ७४,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे अठरा एकर आहे. १९३५ मध्ये शहराने आपल्या पुनर्रचनेचे मोठे प्रदर्शन भरविले, ते या जागी.

शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची आणखी एक गोष्ट येथे सांगावी. याच पुनर्रचनेत टोकियो शहरात ५२ लहान उद्याने निर्माण करण्यात आली, आणि ती मुद्दाम प्राथमिक शाळांना लागून ठेवण्यात आली. एरवी ती मुलांस खेळावयास मिळत, आणि आपत्तीच्या वेळी शाळेचे पटांगण व उद्यान मिळून आसपासच्या वस्तीचे आश्रयस्थान होई. शाळेचे पटांगण ही गावाच्या सुरक्षिततेची जागा आहे, ही कल्पना आपल्याकडेही रुजविण्यासारखी आहे.

प्रयोग : परातीत निम्म्यापर्यंत पाणी घ्यावे. एका बाजूस नुसती चाळलेली माती टाकून काठ करावा आणि हाताने हलक्या लाटा उठवाव्यात. माती विरघळून काठ खचेल. दुसऱ्या बाजूस प्रथम विटांच्या तुकड्यांचा बांध रचावा, त्याच्या आत खापरे व खडे भरावेत आणि वर माती घालून ती दाबावी. आता तशाच लाटा उठवून पाहाव्यात. काठ टिकून राहतो. समुद्रात भर घालताना प्रथम भिंत का बांधतात, आणि पडक्या घरांच्या विटा भरावास का चालतात, हे मुलांस आपोआप कळेल.

(५) परदेशातली पाणपोई

भूकंपानंतर योकोहामातील बरेच भारतीय व्यापारी कोबे शहरी निघून गेले. रेशमाचा व्यापार जाऊ नये म्हणून योकोहामाच्या लोकांनी त्यांस परत बोलाविले व त्यांच्या राहण्याची, पेढ्यांची सोय करण्यास साहाय्य केले. भूकंपात आपले देशबांधव दगावले होते आणि जे वाचले त्यांस शहराने आधार दिला होता, या दोन्ही गोष्टींची आठवण म्हणून तेथील भारतीय समाजाने १९३९ मध्ये यामाशिता उद्यानात एक छोटा घुमटाकार मनोरा बांधून शहरास अर्पण केला. त्याच्या खाली पिण्याच्या पाण्याची सोय होती. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ती पाणपोई होय.

आपल्याकडे चैत्र-वैशाखात रस्त्याच्या कडेला माठ ठेवून पाणपोई घालण्याची जुनी रीत आहे. पाणपोईवर पाणी पिणाऱ्यास कोणी जात, गाव वा देश विचारीत नाही. परक्या शहराचे उपकार फेडताना भारतीयांना पाणीच सुचले, हे मुलांस सांगितले म्हणजे त्यांस त्याचे नवल वाटत नाही, उलट ओळखीचेच वाटते. आणि दूरचे उद्यान एकदम जवळ येते. ही वास्तू आजही उद्यानात उभी आहे.

(६) दोनदा गेलेला किनारा

उद्यान झाले, मुले खेळू लागली, गोष्ट संपली, असे झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात २९ मे १९४५ रोजी योकोहामावर प्रचंड बॉम्बवर्षाव झाला. ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली, आणि ३० ऑगस्ट रोजी आलेले अमेरिकन सेनापती मॅकआर्थर यांचा मुक्काम उद्यानासमोरच्याच हॉटेलात पडला. पुढे उद्यानाची जागा परकीय सैन्याने ताब्यात घेतली आणि तेथे सैनिकांच्या कुटुंबांसाठी घरे बांधली. आपल्याच घरांच्या विटांवर उभ्या राहिलेल्या उद्यानात शहरातील मुलांस पाऊल टाकता येईना. १९५४ पासून जागेचे भाग परत मिळू लागले आणि १९६० च्या सुमारास उद्यान पुन्हा संपूर्णपणे शहराचे झाले.

१९६१ मध्ये उद्यानाच्या काठाशी ‘हिकावा मारू’ ही आगबोट कायमची नांगरून ठेवण्यात आली. ही बोट १९३० मध्ये, म्हणजे उद्यान खुले झाले त्याच वर्षी, अमेरिकेच्या सिॲटल बंदरापर्यंत जाऊ लागली. युद्धात ती रुग्णवाहू बोट झाली, पाणसुरुंगांचे आघात सोसूनही बुडाली नाही, युद्धानंतर पुन्हा उतारू नेऊ लागली आणि १९६० मध्ये निवृत्त झाली. ती कोणाची होती? मुंबईचा कापूस नेणाऱ्या त्याच निप्पॉन युसेन कंपनीची. उद्यानाप्रमाणेच या बोटीनेही शांतता, युद्ध आणि पुन्हा शांतता पाहिली. २०१६ मध्ये तिला राष्ट्राचा महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता मिळाली.

तथापि दुसरे संकट या सुमारास येतच होते, आणि ते शत्रूकडून नव्हे, तर आपल्याच विकासाच्या वाटेने आले. बंदराचा व्याप वाढला, नव्या धक्क्यावर मालगाड्या न्यावयाच्या होत्या, आणि त्यासाठी उद्यानाच्या रस्त्याकडील बाजूने खांबांवर उभारलेला लोहमार्ग काढण्याचे ठरले. उद्यानाचे रूप बिघडेल म्हणून लोकांनी विरोध केला, तरीही १९६५ मध्ये हा मार्ग सुरू झाला. माल मोटारींनी जाऊ लागल्यावर त्याची गरज उरली नाही आणि १९८६ मध्ये तो बंद पडला. परंतु सिमेंटचा पूल तसाच उभा होता. उद्यानातील त्याचा भाग काढून टाकण्यास २००० साल उजाडले. पुलाचा उद्यानाबाहेरील काही भाग न पाडता त्यावरून पायी चालणाऱ्यांसाठी रस्ता करण्यात आला. जे घातक ते काढले आणि जे उपयोगी पडण्यासारखे ते राखले, हा विवेक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

शस्त्राच्या बळावर गेलेली जागा सुमारे पंधरा वर्षांत परत मिळाली. गरजेच्या नावाखाली गेलेली जागा पूर्णपणे मोकळी व्हावयास पस्तीस वर्षे लागली. या दोन आकड्यांवर वरच्या वर्गात चर्चा घडवून आणावी. उत्तर शिक्षकांनी देऊ नये. मुलांस बोलू द्यावे.

फळ्यावरील सार

१८५९ — बंदर खुले
१८६६ — मोठी आग
१८७६ — शहराच्या मध्यभागी पहिले उद्यान
१९२३ — भूकंप. पहिल्या उद्यानाने हजारोंस वाचविले
१९२५ ते १९३० — ढिगाऱ्याची भर; यामाशिता उद्यान खुले
१९३९ — भारतीयांची पाणपोई
१९४५ नंतर — उद्यान सैन्याच्या ताब्यात. १९६० च्या सुमारास परत
१९६५ ते २००० — लोहमार्गाचा पूल. अखेर उद्यान मोकळे

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

पहिली गोष्ट, महाराष्ट्रातील काही भागांत भूकंप हा पुस्तकातला विषय नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेला भूकंप यांच्या आठवणी अनेक घरांत आहेत. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी आजी-आजोबांनी माणसे गमावलेली असतील. अशा ठिकाणी मृतांच्या वर्णनात न रमता, घरे का पडली आणि माणसे कशाने वाचली यावर भर द्यावा. योकोहामात विटांच्या इमारती व आग यांनी घात केला. किल्लारीकडे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे यांनी झोपलेल्या माणसांस गाडले. कारणे वेगळी, परंतु बांधणी सुधारली पाहिजे हा निष्कर्ष एकच.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. १९२३ च्या भूकंपानंतर योकोहामा व टोकियो भागात कोरियन लोकांविषयी खोट्या अफवा पसरल्या. ते विहिरींत विष घालतात, आगी लावतात, असे लोक बोलू लागले. त्या अफवांवर विश्वास ठेवून जमावांनी अनेक निरपराध कोरियन, तसेच काही चिनी माणसे मारली. ही हकीकत लहान मुलांपुढे तपशिलाने मांडण्याचे कारण नाही. परंतु सातवीच्या मुलांपासून ती लपवूही नये. ज्या शहराने परदेशी व्यापाऱ्यांस आधार दिला, त्याच भागात दुसऱ्या परदेशीयांचे रक्तही सांडले. घबराटीच्या वेळी कानावर आलेली बातमी खरी मानण्यापूर्वी ती कोणी सांगितली, त्याने स्वतः पाहिली काय, हे विचारण्याची सवय मुलांस लावावी. हातोहाती मोबाईल असलेल्या काळात या सवयीची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे.

तिसरी गोष्ट, हा पाठ म्हणजे ‘जपानी लोक किती थोर आणि आपण कसे मागे’ असे रडगाणे होऊ देऊ नये. तेथेही चुका झाल्या, तेथेही उद्यानावर पूल आला. आपल्याकडेही घाट बांधणाऱ्या, बारवा खोदणाऱ्या, पाणपोया घालणाऱ्या लोकांची परंपरा आहे. तुलना करावयाची ती कामाची करावी. माणसांची करू नये.

उपयोजन : परिसरभेट

दुसऱ्या तासिकेनंतर मुलांस गावच्या पाणवठ्यावर न्यावे : तळे, ओढा, नदीचा घाट, बारव, समुद्राची पुळण, जे असेल ते. पाण्याच्या अगदी जवळ मुलांस जाऊ देऊ नये व सोबत आणखी एक मोठे माणूस असावे. वर्गाचे चार गट करावेत.

पहिल्या गटाने सुतळीने काठाची लांबी मोजावी. दुसऱ्या गटाने काठावर काय काय आहे, याची यादी करावी : झाडे, पायऱ्या, कुंपण, कचरा, बांधकामाचा राडारोडा इत्यादी. तिसऱ्या गटाने तेथे आलेल्या वडीलधाऱ्यांस नम्रपणे विचारावे, “आजी, तुमच्या लहानपणी हा काठ कसा होता?” आणि उत्तर जसेच्या तसे वहीत उतरून घ्यावे. चौथ्या गटाने काठाचे चित्र काढून, आग वा भूकंप झाल्यास वस्तीतील माणसे कोणत्या मोकळ्या जागी जमू शकतील, ते चित्रात दाखवावे.

परत आल्यावर चारही गटांची माहिती एकत्र करून “आपला काठ” या नावाचा एक तक्ता वर्गात लावावा. त्यात कोणावर दोषारोप नसावा; फक्त जे दिसले तेच असावे. ग्रामसभेच्या वेळी हा तक्ता शाळेच्या दर्शनी भागात ठेवल्यास गावकऱ्यांचे लक्ष आपोआप जाते. मुलांनी मोजलेल्या व स्वतः काढलेल्या तक्त्यापुढे उभे राहिल्यावर “तो काठ कोणाचाच नाही” असे म्हणणे मोठ्या माणसांस अवघड जाते.

स्वाध्याय

१. यामाशिता उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ७४,००० चौरस मीटर व लांबी सुमारे ७०० मीटर आहे. तर सरासरी रुंदी किती? आपल्या शाळेच्या पटांगणाशी तुलना करा.
२. योकोहामा उद्यानात लोक वाचले आणि टोकियोतील मोकळ्या जागेत वाचले नाहीत. या दोन जागांत कोणता फरक होता?
३. भारतीयांनी शहरास मनोरा का अर्पण केला? आपल्या गावात कोणी कोणाच्या स्मरणार्थ सार्वजनिक उपयोगाची कोणती वस्तू बांधली आहे? तिचा आज उपयोग होतो काय?
४. उद्यान दोनदा लोकांच्या हातून कसे गेले? दोन्ही वेळा घेणारा कोण होता व कारण काय सांगितले गेले?
५. घरी जाऊन आई-वडिलांस विचारा : आपल्या घराची भिंत कशाची, छप्पर कशाचे, आणि रात्री घाईने बाहेर पडावे लागले तर कोणत्या वाटेने पडू?

समारोप

पाठ संपविताना पुन्हा पहिल्याच प्रश्नाकडे यावे. फळ्याच्या बाजूस लिहिलेली उत्तरे, “ओढ्यात”, “नदीच्या काठी”, “रस्त्याच्या कडेला”, अजून तशीच असतील. योकोहामाच्या लोकांनीही आपला ढिगारा पाण्याच्या काठीच टाकला. फरक इतकाच, की टाकून झाल्यावर त्यांनी पाठ फिरविली नाही. त्या जागेचे काय करावयाचे, ती कोणाची राहील, हे त्यांनी ठरविले. आणि जेव्हा जेव्हा ती हातची गेली, तेव्हा तेव्हा ती परत मागितली.

“मग गावच्या तळ्याचा काठ कोणाचा?” हा प्रश्न शिक्षकांनी पुन्हा विचारावा आणि थोडा वेळ थांबावे. एखाद्या वर्गात लगेच उत्तर येईल, एखाद्यात परिसरभेटीनंतर येईल, तर एखाद्यात कित्येक वर्षांनी, त्यांतीलच कोणी ग्रामपंचायतीवर निवडून गेल्यावर येईल. प्राथमिक शिक्षकाचे पीक असेच उशिरा हाती येते. पेरणी मात्र वेळेवर झाली पाहिजे.